खंडेनवमीला आलेली मुकी गाडी

आप्पा, मला लई भ्या वाटतंय. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "भ्यायला काय वाघ आलाय व्हय गं?" वाघ नाही, गाडी आलीय. उद्यमबागेतल्या आपल्या मोटर रिवाइंडिंगच्या शेडमध्ये खंडेनवमीला एक हायब्रीड गाडी आली, ती अजून उभीच आहे, आणि अण्णा ती उघडायची म्हणतोय. तुमच्या माघारी आम्ही दोघं भावंडंच शेड चालवतो. हात त्याचे, गिऱ्हाइकांशी बोलणं माझं.

तुमच्या वेळी असल्या गाड्या नव्हत्या, म्हणून सांगते. हिच्यात पेट्रोलचं इंजिन आहे आणि मोटरही आहे. मोटर आपल्या ओळखीचीच. आठवतं, वार्निश लावलेली मोटर सुकायला तुम्ही चुलीशेजारी ठेवायचात आणि आई करवादायची, "भाकरीला वास लागतोय, उचला ती धोंड!" तिथंच एकदा तुम्ही परातीत टाचणी ठेवली, खालून लोहचुंबक फिरवलं, आणि टाचणी त्याच्यामागं गोल गोल पळायला लागली. "तार जाग्यावरच असती बघ," तुम्ही म्हणालात, "तिच्यातलं चुंबक तेवढं फिरतंय, अन् मधला रोटर, फिरता दांडा, त्याच्या मागनं." या गाडीत तेच चालतं. बॅटरीतला करंट इन्व्हर्टर घेतो, तीन फेजमध्ये पाळीपाळीनं तारांना देतो, आणि रोटर पळतो, चाकं पळतात. ब्रेक मारला की उलटं होतं, चाकच मोटर फिरवतं आणि बॅटरी भरते. इंजिनाला जोर यायला आधी घरघरावं लागतं. मोटर उभ्या जागेवरून सगळा जोर लावते, हूं की चूं न करता.

त्या दिवशी निपाणीचे एक तंबाखूचे व्यापारी, तुमचं जुनं गिऱ्हाईक, नवीन गाडी पूजेला आपल्याकडेच घेऊन आले. हार घातला, नारळ फोडला. अण्णा उकिडवा बसून पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवतोय. मालक आत बसलेत, बटण दाबलंय, पण इंजिनाचा आवाज नाही. आपल्याकडं कसं, गाडी घरघरली की सगळे बाजूला होतात. आवाज नाही म्हणजे गाडी बंद, असंच धरून चाललो आम्ही. लिंबू जरा घरंगळलं म्हणून अण्णानं परत हात घातला, तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "चला, घ्या पुढं!" मालकांनी गिअर टाकून ब्रेकवरचा पाय काढला. चाक हललेलं मला दिसलं. मी किंचाळले आणि अण्णाची कॉलर धरून मागं ओढलं. लिंबू चिरडलं. बोटं वाचली, आप्पा, नखाएवढ्या अंतरानं.

अण्णा हसला. "तुझं आपलं कायतरीच!" म्हणाला. मालक ओशाळले, आणि गाडी आपल्याकडं ठेवून जाताना म्हणाले, "मोटरीतनं सूं असा आवाज येतोय, बघून ठेवा की." कंपनीच्या सर्व्हिसला न्या, असं मी म्हणेपर्यंत अण्णानं होकार देऊन टाकला. "मोटर ती मोटर. आप्पांनी काय शिकवलंय मग?" तुमच्यासारखाच तो उलटा हात वायरीला लावून करंट आहे का बघतो. या गाडीत भगव्या रंगाच्या जाड वायरी आहेत, त्यांतला करंट घरातल्यापेक्षा कितीतरी जास्त. गाडी बंद केली तरी कंडेन्सरमध्ये तो दडून राहतो. त्याला जाड रबरी हातमोजे लागतात, तो उतरेपर्यंत थांबावं लागतं, आणि थांबणं अण्णाच्या रक्तात नाही. मी डिप्लोमाला हे शिकलेय, त्याला सांगितलंय, भांडलेय. "भित्री भागूबाई" म्हणतो मला.

म्हणून मी गाडीची किल्ली लपवली, तिच्याशिवाय बॉनेटही उघडत नाही. खिशात ठेवून उपयोग नाही, किल्ली नुसती जवळ असली तरी ही गाडी चालू होते. घरी आणली, शहापूरला, तांदळाच्या डब्यात तळाशी घातली. अण्णानं सगळी शेड पालथी घातली. आज जेवताना मला म्हणाला, "खरं सांग, आप्पांची शप्पथ घे, तू न्हाय ना बघितलीस?"

घेतली, आप्पा. तुमच्या गळ्याची शपथ घेऊन खोटं बोलले. खोटी शपथ ज्याची घ्यावी त्याला बाधते म्हणतात. तुम्ही तर गेलात, तुम्हाला आता काय बाधणार. अण्णा अजून आहे, आणि राहायला हवा.