पंखाखालची नळी

तुमसर,
१६ ऑक्टोबर १९८४

चिरंजीव घनश्याम,

तुला आशीर्वाद आणि तुझ्या आईला नमस्कार. मुलीचं बारसं झालं ते मला तिसऱ्याच माणसाकडून कळलं, हे मी विसरणार नाही. तरी तिच्यासाठी झबलं शिवून ठेवलं आहे.

माझं बरं चाललं आहे. पेन्शन मिळते, गुडघे दुखतात, आणि शाळेत माझ्या जागी आलेल्या बाई मुलींना 'वेन्सडे'तला डी मोठ्यानं उच्चारायला लावतात. मी कुंपणापाशी उभी राहून ऐकते आणि परत येते. बोलले तर म्हणतात, म्हातारीला उद्योग नाही.

तुझं पत्र आणि पुडी दोन्ही पोचली. शेजारच्या बेबीबाई तेव्हा इथेच बसल्या होत्या. पुडीतली चिमूटभर माती पाहून म्हणाल्या, "कुठचा अंगारा व बाई?" मी म्हटलं, लांबचा आहे. त्यांनी कपाळाला लावायच्या आत मी पुडी मिटली.

तू लिहिलंस ते मी बऱ्याचदा वाचलं. तुमची फवारणीची कंपनी बुडाली, गोदामातलं भंगार लिलावात निघालं, त्यात तुला आपल्या टेकचंदच्या, तू दुरुस्त ठेवायचास त्या विमानाचा पंख दिसला, आणि तू पंखाखालची ती बोटभर नळी कापून पाहिलीस. टाकीला श्वास घ्यायची तेवढी एकच नळी, आणि ती मातीनं गच्च. हवा आत गेली नाही की पेट्रोल खाली उतरत नाही, भरलेल्या टाकीनिशी इंजिन बंद पडतं. हे समजायला मला वैमानिक व्हावं लागलं नाही. तेलाच्या डब्याला वाणी दोन भोकं पाडतो ते काय हौसेनं?

म्हणजे माझा मुलगा निष्काळजी नव्हता. सात वर्षं मी हेच ओरडते आहे. चौकशीचा तो साहेब आला, जीपमधून अर्धाच उतरला, आणि लिहून गेला की वैमानिकानं इंधनाकडे दुर्लक्ष केलं. दोन पानांचा अहवाल, त्यात इंग्रजीच्या तेरा चुका. मी त्या लाल शाईनं दुरुस्त करून अहवाल परत पाठवला होता, तुला ठाऊकच आहे. ज्या बांधीत, धानाच्या खाचरात, विमान पडलं तिथल्या पाण्याला पुढे कितीतरी दिवस पेट्रोलचा वास येत होता. त्या बांधीचं धान कुणी खाल्लं नाही. निंदणाऱ्या बायकांनी साहेबाला हे सांगितलं, तर म्हणाला, तो फवारणीच्या औषधाचा वास असेल. आमच्या शाळेतल्या नन्सनी आम्हाला शिकवलं होतं की खोटं बोलणाऱ्याच्या डोळ्यांत बघावं. त्यानं काळा चष्मा काढलाच नाही.

तेव्हा फेरचौकशीसाठी तू पाठवलेल्या अर्जावर मी ताबडतोब सही करायला हवी होती. करणार नाही. अर्ज कोराच परत पाठवते आहे.

आधी लिहिणार होते की हात कापतो म्हणून सही होत नाही. हात कापत नाही.

तू लिहिलंस, कुंभारीण माशीनं घर केलं असावं, पण मातीत तणसाचे, धानाच्या पेंढ्याचे, तुकडे कसे, ते कळत नाही; विमानाजवळ त्या दुपारी कोण होतं ते चौकशीत निघेल. तुला नाही कळणार, तू नागपूरचा. मला पुडी उघडताच कळलं, आणि तरी मी दुसऱ्या दिवशी बस धरून सिहोऱ्याला माहेरी गेले, कारण मला ते खोटं ठरवायचं होतं.

आमच्या धानाच्या मुलखात बांधीतून पाणी झिरपताना दिसलं की जाणारा माणूस वाकतो. मूठभर चिखल घेतो, त्यात तणस मळतो, खेकड्याचं भोक बुजवतो आणि पाय धुऊन वाटेला लागतो. बांधी कुणाची ते विचारत नाही. न बुजवता पुढे जाणाऱ्याला लोक माणसात धरत नाहीत.

विमान देवाजीभाऊच्या पडीत, पडीक जमिनीत, उभं असायचं. माझा थोरला भाऊ. टेकचंदचे वडील गेल्यावर या भावानं त्याला खांद्यावर वाढवलं. गावावरून विमान गेलं की ओसरीतून बाहेर येऊन म्हणायचा, "आमचं पोरगं चाललं." पड एका अंगाला उतरती, टाकी काठोकाठ भरलेली, वर ऊन. नळीतून थेंब पडायचे. टेकचंद म्हणायचा, "मामा, म्हातारी आहे ते. पोटभर पाजलं का गळतेच." त्या दुपारी तू औषधाचे डबे आणायला गोंदियाला गेला होतास. तेव्हा तू तिथे नव्हतास याचा घोर आता सोडून दे.

मी गेले तेव्हा भाऊ ओसरीत दोर वळत बसला होता.

"उन्हाची कायले आलीस वं सुलू? निरोप धाडतीस, बैलगाडी घेऊन आलो असतो."

इकडचं तिकडचं बोलून मी विचारलं, "भाऊ, टेकचंदच्या विमानातून पेट्रोल गळायचं, आठवतं?"

"आठवते ना. टिपटिप टिपटिप. खालचं गवत जळून गेलं होतं."

"मग?"

"मंग का? पोरगा घरी जेवाले बसला होता. मी म्हटलो, कंपनीचं का असंना, एवढं महागाचं तेल वाया कायले जाऊ द्याचं? तणस घालून चिखल मळलो आन् बोटानं आत लोटलो. मंग थेंब नाही पडला." तो हसला. "त्याले सांगाचं राहूनच गेलं. जेवला आन् गेला उडून."

माझ्या तोंडाला सगळा गाव भितो. मी त्या तोंडाला पाण्याचा तांब्या लावला.

"तुले कोणं सांगतलं गळे म्हून?"

"घनश्यामनं."

"बरं पोरगं आहे. त्याले म्हणाव, मामाचं बुजवलेलं पक्कं असते." मग दोर खाली ठेवून त्यानं तेच विचारलं जे तो दरवर्षी विचारतो. "विमान काहून पडलं असंल वं, सुलू? टाकी तं भरून होती. मी सायबाले सांगतलो होतो."

मी म्हटलं, "माहीत नाही, भाऊ."

आता कळलं का अर्जाचं? नवा साहेब येईल, ओसरीत बसेल, आणि देवाजीभाऊ त्याला हे सगळं स्वतःहून, खुशीनं सांगेल. मग तो साहेब त्याला त्याचा अर्थ समजावून सांगेल.

मी त्याला माफ केलं आहे असं समजू नकोस. केलेलं नाही. त्या दिवशी त्याच्याकडे जेवले, पण त्यानं वाढलेला भात गिळताना त्याची बोटं दिसत होती. पुढच्या आठवड्यात भाऊबीज आहे. मी जाणार आहे, ओवाळणार आहे, आणि त्याच्या कपाळाला कुंकू लावताना माझ्या मनात काय येईल याची मलाच भीती वाटते. पण टेकचंदचं नाव आता कुठल्याही कागदावर कसंही असलं तरी त्याला लागत नाही. भाऊ जिवंत आहे.

दिवाळीत मुलीला घेऊन ये. सिहोऱ्यालाही जा, नाही गेलास तर भाऊ रुसेल. तो तुलाही विचारेल, विमान काहून पडलं. तू इंजिनिअर आहेस, म्हणून तुझं उत्तर तो खरं धरेल. चेहरा सांभाळ, आणि माहीत नाही म्हण.

टेकचंदची आई आणि देवाजीची बहीण,
सुलोचना