निशाच्या नावापुढची वेळ

७ जानेवारी २०२५, मंगळवार

कठाणी बसली! आमच्या सर्व्हरचं नाव कठाणी – पोरांनी इथल्या नदीवरून ठेवलेलं. सकाळी शिपाई लटारूभाऊंनी प्रयोगशाळेचं कुलूप काढलं तर आतून टकटक आवाज. डिस्क गेली. गोंडी शब्दकोश सगळा तिच्यात. शुक्रवारी समिती येणार – ही मुक्त सॉफ्टवेअरची प्रयोगशाळा विद्यापीठानं चालू ठेवायची की बंद करायची, ते ठरवायला. आणि दाखवायला आमच्याकडं हाच शब्दकोश!

दुसरी प्रत ठेवा, ठेवा म्हणून पोरांच्या मागं मीच लागते. माझीच राहिली. सापडली ती सप्टेंबरची, ती नव्या डिस्कवर टाकली. त्यानंतरचे चौदाशे शब्द माझ्या विद्यार्थिनीच्या, निशाच्या वह्यांमध्ये आहेत. सुट्टीत गावोगाव फिरून तिनं हातानं लिहिलेले – घराला कोणत्या गावात रोन म्हणतात, कोणत्या गावात लोन, असं सगळं. ते परत चढवायचे. तिचं अक्षर तिलाच लागतं. नेटवर्कही बंद, म्हणजे सर्व्हरच्या एसी खोलीतच बसावं लागणार.

निशा म्हणाली, ‘होते ना मॅडम. दोन दिवस आहेत.’

८ जानेवारी, बुधवार

निशा सकाळपासून आत. अडीच वाजता बाहेर आली. ‘मॅडम, हातपाय लय दुखून राह्यले. रूमवर जाऊ का?’

मी म्हटलं, एवढी यादी चढव आणि जा.

तिच्या शेजारी काम करणारा आदेश म्हणाला, ‘मॅडम, मी बसतो ना तिच्या जागी.’ तुला तिचं अक्षर कुठं वाचता येतं, म्हटलं. तिनं काही वाद घातला नाही. परत आत गेली.

सिकलसेल आहे तिला, रक्ताचा आजार, माहीत आहे मला. कार्ड तिच्या बॅगेत असतं. पण दुखणं तिचं नेहमीचं, महिन्या-दोन महिन्यांनी असतंच. पाचला निघाली. नऊशेच्या वर झाले! उद्या संपेल. जीव भांड्यात पडला.

९ जानेवारी, गुरुवार

हॉस्टेलमधून फोन आला तेव्हा मी पोळ्या करत होते. निशाला श्वास घेता येत नव्हता. मुलींनी दवाखान्यात नेलं. मी पोचले तर आदेश आधीच तिथं, रक्त देऊन बसलेला.

डॉक्टरांनी विचारलं, ‘या आजाराला गारठा चालत नाही. गारठ्यात बसली होती का कुठं?’

मी म्हटलं, ‘थंडीचे दिवस आहेत.’

आदेशनं माझ्याकडं पाहिलं.

१० जानेवारी, शुक्रवार

समिती खूश. प्रयोगशाळा चालू राहणार. उरलेले शब्द न चढवताच दाखवलं, कोणाच्या लक्षातही आलं नाही. पाचशेच्या जागी हजार शब्द कमी असते, तरी चाललं असतं!

समितीतल्या एक बाई म्हणाल्या, ‘त्या मुलीला भेटायचं होतं.’

चार वाजता दवाखान्यात गेले. नाकातोंडावर ऑक्सिजन. उशाशी तिचे वडील – कोलूभाऊ. धानोऱ्याच्या पलीकडच्या गावातून सकाळीच आलेले. निशानं मला पाहून मास्क जरा बाजूला केला. ‘समिती आली का मॅडम?’ आली, म्हटलं. तिनं मान हलवली. मग डोळे मिटले.

११ जानेवारी, शनिवार

निशा सकाळी गेली. एकवीस वर्षांची होती.

१३ जानेवारी, सोमवार

काल माती दिली. आम्ही सगळे गेलो होतो, लटारूभाऊसुद्धा. गाव लहान, पण माणसं चार-पाच गावांची आलेली. शब्द गोळा करायला निशा ज्यांच्या दारात बसली होती, ती म्हातारी माणसं. एक जण माझा हात धरून गोंडीत बराच वेळ बोलले. मला काही कळलं नाही. अडीच वर्षं शब्दकोश करते आहे मी!

तिची आई सुकरीबाई रडत नव्हत्या. एकच विचारत होत्या, ‘तुमच्याजवळच राहे ना ते दिवसभर? जेवली होती का?’

परत येताना गाडीत लटारूभाऊ बोलले. ‘बुधवारी पोरीनं माझा दुपट्टा मागून घेतला होता. कानाले, गळ्याले गुंडाळला. म्हटलं, मशीन बंद करू का गाऱ्याचं? तर म्हणे, नको काका, कठाणी तापते.’

मी त्या दिवशी दोनदा त्या खोलीत गेले होते. दुपट्टा मला दिसला नाही. मी पडद्यावरचा आकडा पाहत होते.

१६ जानेवारी

काही लिहायचं नाही.

२० जानेवारी, सोमवार

आदेश आला. खुर्चीवर बसला नाही. प्रयोगशाळेची किल्ली टेबलावर ठेवली.

‘मॅडम, मी कोणाले काही सांगितलं नाई. सांगणारबी नाई. पण मले इथी बसवत नाई आता.’

मी म्हटलं, आदेश, मला ठाऊक असतं तर –

‘तुमाले ठाऊक होतं मॅडम.’

आवाज चढवला नाही त्यानं. त्याचंच वाईट वाटतं. पोंभुर्ण्याहून आला तेव्हा या पोराला माऊस धरता येत नव्हता. दोघं शेजारी शेजारी शिकले. तिनं त्याला गोंडी शिकवली, यानं तिला प्रोग्रॅम लिहायला. तो गेला आणि मी दार लावून घेतलं.

२३ जानेवारी, गुरुवार

आज पहिल्यांदा शब्दकोशाच्या कामाच्या नोंदी उघडल्या. आमचं काम खुलं. कोणी, काय, कधी केलं, ते जगात कोणालाही दिसतं. दर वर्षी नव्या पोरांना पहिल्याच दिवशी मी हेच शिकवते – इथं काही लपवायचं नसतं, चूकही नाही.

निशाची शेवटची नोंद. आठ जानेवारी, चार वाजून बावन्न मिनिटं. ‘यादी चढवली. उरलेले शब्द उद्या.’

अडीच ते चार बावन्न.

वेळ बदलता येते. अवघड नाही, मला तर मुळीच नाही. दोन ओळी टाइप करायच्या, आठ तारखेच्या जागी सात करायची. मंगळवारी ती बरी होती. टाइप केल्या. अर्धा तास नुसती बघत बसले. मग पुसल्या.

त्यात मोठेपणा काही नाही. आदेशला कळलं असतं, म्हणून पुसल्या.

६ फेब्रुवारी, गुरुवार

कोलूभाऊ आले! न कळवता. लटारूभाऊंनी आत आणलं. पांढरा सदरा, हातात पिशवी. ‘सेवा जोहार बाई. पोरगी कुठी बसे, ते पाहाव म्हटलं.’

तिची खुर्ची दाखवली. बसले नाहीत, पाठीवरून हात फिरवला. कठाणीची खोली बघायची म्हणाले. मी दार उघडलं. ते आत जाऊन उभे राहिले. मी चटकन एसी बंद केला, तरी म्हणाले, ‘लय गारठा आहे इथी.’

मग चहा. शब्दकोश दाखवला. एकेक शब्द वाचून दाखवला तर मान डोलवत होते, एका ठिकाणी हसलेसुद्धा. ‘हा आमच्या मोठ्या भावाचा शब्द आहे. तोच म्हणते असा.’

आणि मग, बशी खाली ठेवता ठेवता – ‘त्या दिवशी दुखत होतं तिले. लवकर गेली होती का रूमवर?’

मी म्हटलं, ‘हो. दुपारीच पाठवली मी तिला.’

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. बराच वेळ. ‘बरं केलं बाई,’ म्हणाले. पिशवीतून मधाची बाटली काढून टेबलावर ठेवली आणि धानोऱ्याची बस पकडायला निघाले.

७ फेब्रुवारी

दुपारीच. दुपारीच! कसा सरळ निघाला तो शब्द तोंडातून.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आईचा राजुऱ्याहून फोन. ‘काऊन गं, आवाज असा काऊन येऊन राह्यला तुहा?’ सर्दी म्हटलं. आता खोटं बोलणं सोपं झालं आहे.

दोन नवीन मुली कामाला घेतल्या. निशाच्या खुर्चीवर कोणी बसत नाही. मी सांगितलेलं नाही, तरी बसत नाहीत.

४ मार्च, मंगळवार

विभागप्रमुखांनी बोलावलं. शब्दकोशाला निशाचं नाव द्यायचं ठरलं. वीस तारखेला कार्यक्रम, आईवडिलांचा सत्कार. तिच्यावरचं भाषण मी करायचं. सरांनी सुरुवातही लिहून दिली – ‘अंगात वेदना असतानाही शेवटच्या क्षणापर्यंत जिनं काम सोडलं नाही...’

कागद घेऊन आले. तीनदा वाचला. तिनं सोडलं नाही! ती सोडून जायचं म्हणत होती. मी जाऊ दिलं नाही.

१० मार्च, सोमवार

सरांना सांगितलं. बुधवारचं सगळं. अडीच, आदेश, चार बावन्न, कोलूभाऊंना काय बोलले तेही. सरांनी उठून दार लावलं.

‘दिव्यानी मॅडम, कोणी तक्रार केली आहे का? नाही ना? मग कशाला उकरता? त्या आईवडिलांना आणखी दुःख द्यायचं आहे का तुम्हाला?’

घरी येताना तेच डोक्यात. सांगणं कोणासाठी – त्यांच्यासाठी की माझं ओझं उतरावं म्हणून? सर म्हणतात ते खरंही असेल. पण मग वीस तारखेला त्या दोघांना खुर्चीवर बसवायचं, शाल घालायची, आणि समोर उभं राहून मी ते वाक्य वाचायचं? मला जमणार नाही. भाषण करणार नाही, असं कळवलं. रविवारी गावात जाणार.

१५ मार्च, शनिवार

आदेशला फोन केला. उद्या जाते आहे म्हटलं. ‘मी येऊ का सोबत?’ नको, म्हटलं. एकटीनंच जायचं आहे.

१६ मार्च, रविवार

जाऊन आले. मोहफुलं वेचत होते दोघं. उभ्याउभ्याच सांगितलं, एक शब्द गाळला नाही. सुकरीबाई खाली बसल्या. कोलूभाऊंनी टोपली बाजूला ठेवली.

‘मले माहीत होतं बाई. निशानं दवाखान्यातच सांगितलं होतं सारं. म्हणून तर आलो होतो तुमच्याकडं – तुमी काय सांगता, ते पाहाले.’