फुटाण्याची हळद

बाग सेवनिया, भोपाळ
भाऊबीजेचा दिवस

प्रिय अपर्णा,

सगळं ठीक आहे. हे आधीच लिहून टाकते, कारण माझं अक्षर पाकिटावर पाहून तुझ्या छातीत धस्स होणार. हे बरे आहेत, मी बरी आहे, आणि फुटाणा तर इतका बरा आहे की सकाळपासून त्याने पेटीतलं गवत उधळून माझ्या बैठकीचा गोठा करून टाकलाय. अगं, त्याचा रिपोर्ट आला! साधी गाठ होती, वाईट काही नाही, मुळासकट निघाली, परत व्हायचं कारण नाही. डॉक्टरचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. तशाच हातांनी मोबाइल धरला आणि गुडघेबिडघे विसरून ह्यांना सांगायला गच्चीवर धावले. वर पोचले तर दम लागून तोंडातून शब्द फुटेना. ह्यांना वाटलं, संपलं! शेवटी मी पिठाचे हात वर करून नाचूनच दाखवलं. समोरच्या गच्चीवर अनुराधा वड्या वाळत घालत होती, ती बघतच राहिली. बघेना का. सहासष्टाव्या वर्षी नाचायला मिळतंय कुणाला?

आता तू म्हणशील, कसली गाठ आणि कसला रिपोर्ट. बरोबर आहे तुझं. तुला कुणी सांगितलंच नाही. ते सांगायलाच बसलेय. रागवायचं ते शेवटी एकदम रागव, मध्येच पत्र ठेवू नकोस.

तू आणि पराग वेगळे झालात आणि शमिकाला घेऊन तू नागपूरला गेलीस, त्याला दिवाळीत दोन वर्षं झाली. तुझ्या घरमालकाला प्राणी चालत नाहीत आणि तुझ्या आईंना गिनीपिग म्हणजे उंदीरच वाटतो, म्हणून शमिकाने फुटाण्याला माझ्या मांडीवर ठेवलं आणि आजी, मी दर रविवारी बघणार हं, असं बजावून गेली. तेव्हापासून रविवारी साडेदहाला तिचा व्हिडिओ कॉल येतो. खरं सांगू? तो कॉल फुटाण्यासाठी असतो, हे आम्हाला चांगलं ठाऊक आहे. तो कोथिंबीर खातो, खूश झाला की भट्टीतल्या फुटाण्यासारखा टुण्णकन उडतो, ती हसते, आणि कडेकडेने आम्हीही दिसून घेतो. हे तर सकाळी नवापासून दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसतात. कुणाला न भेटणारा माणूस, पण रविवारी बघ त्यांचा थाट!

श्रावणात एकदा त्याला उचलताना उजव्या कुल्ल्यावर बोटाला काहीतरी लागलं. शेंगदाण्याएवढं. मी गप्प बसले. पुढच्या आठवड्यात हे म्हणाले, तुझ्या लक्षात आलंय का? म्हणजे हेही आठवडाभर गप्पच होते. तुझे सासरे लोकनिर्माण विभागात पस्तीस वर्षं नकाशे काढत होते, ते गप्प बसून राहतील होय? काढला डिव्हायडर, काढली पट्टी, आणि रोज सकाळी मोजमाप सुरू. वहीत त्या गाठीचा वरून नकाशा, बाजूने नकाशा, स्केलसकट, तारीखवार. फुटाणाही काकडी मिळते म्हणून सरकारी कामासारखा निवांत बसायचा. महिनाभरात शेंगदाण्याची सुपारी झाली. शमिकाच्या कॉलला मी त्याला नेहमी डाव्या अंगाने धरायचे. तिने विचारलं, आजी, तो एकाच बाजूला का बघतो? म्हटलं, तिकडे खिडकी आहे ना.

आणि मग मी ते केलं जे आपल्याकडची कुठलीही बाई करेल. तुपात हळद कालवली आणि चांगला जाड लेप दिला. तो रविवार आहे हे साफ विसरले! कॉल लागला, फुटाणा माझ्या हातातून सटकला आणि थेट मोबाइलसमोर जाऊन उभा राहिला, अर्धा पांढरा, अर्धा पिवळाजर्द. शमिका किंचाळलीच. हे काय झालं म्हणून विचारायला लागली. काय वाटलं कोण जाणे, मी म्हटलं, अगं, हळद लागली त्याला, लग्न ठरलंय! ह्यांनी डोक्याला हात लावला. पण पोरगी काय खूश झाली, अपर्णा! कधी, कुठे, नवरी कोण, मी काय घालू? दहा मिनिटांचा कॉल पाऊण तास चालला. मी म्हटलं, अजून चातुर्मास आहे, आपल्यात लग्नं होत नाहीत, तुळशीचं लग्न लागलं की मग बघू. म्हटलं, दोन महिने मिळाले. तोवर गाठ जाईल, नाहीतर... त्या नाहीतरच्या पुढे मी जातच नव्हते.

लेपाने झालं काय, तर कातडी लाल झाली आणि तो चाटत सुटला. मग नेलं डॉक्टरकडे. बिट्टन मार्केटच्या पुढे अमृता नावाची मुलगी बसते, कुत्र्या-मांजरांपलीकडचेही प्राणी बघते. तिने कापसाने हळद पुसली आणि मला म्हणाली, आंटीजी, ये कढ़ी में डालिए, इसको मत लगाइए. ह्यांच्या वहीवर मात्र ती भाळली. इतकं नीट मोजमाप मला कुणी आणून देत नाही म्हणाली, आणि तिने फोटो काढून फाइलमध्ये लावले. त्या दिवसापासून ह्यांची छाती दोन इंच फुगलेली आहे. पण मग तिने सरळ सांगितलं, गाठ काढावी लागेल, आणि एवढ्याशा जिवाला भूल सोसेल की नाही याची खात्री कुणी देऊ शकत नाही. आम्ही विचार करून सांगतो म्हणून घरी आलो आणि महिना घालवला. चूक झाली. भीती वाटत होती गं. तो टेबलावरच गेला, तर त्या रविवारी साडेदहाला काय सांगायचं? आणि त्याच्या पुढच्या रविवारी कॉल तरी कशाला येईल?

दसरा झाला आणि ह्यांनीच वही मिटली. म्हणाले, उद्या नेऊ या. सकाळी त्याला डॉक्टरच्या हातात दिलं आणि आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसलो. चाळीस वर्षांच्या संसारात ह्यांनी चारचौघांत कधी माझा हात धरला नव्हता, त्या दिवशी धरला. तासाभराने त्याला बाहेर आणलं. मागची बाजू सफाचट, चार टाके, डोळे अर्धवट. डॉक्टर म्हणाली, शुद्धीवर आलाय, पण आता खाल्लं पाहिजे, गिनीपिगचं पोट रिकामं राहिलं की बंदच पडतं. घरी आणला. सिमला मिरची नको, काकडी नको. सिरिंजने भरवलं तर थुंकला. दुपारचे दोन वाजले, तीन वाजले. हे पेटीशेजारी जमिनीवर बसलेले, उठेनात. मला नुसतं बसून राहवेना, म्हणून हाटातून आणलेली भाजी निवडायला घेतली, आणि पिशवी जरा सळसळली मात्र, पेटीतून ते नेहमीचं वीऽऽक वीऽऽक! अपर्णा, असा आवाज मी कुठल्या मैफलीत ऐकला नाही. कोथिंबिरीची अख्खी जुडी खाल्ली बेट्याने, देठांसकट. हे रडले. मी सांगितलं म्हणून कुणाला सांगू नकोस.

आता टाके निघालेत, केस उगवायला लागलेत, आणि शमिकाने तिकडे लग्नाची तयारी पुरी केलीय, हे तुला माहीत असेलच. आधी हे म्हणाले, तुळशीशीच लावून देऊ. पण अंतरपाट सरकायच्या आत नवऱ्याने नवरी खाल्ली तर? खरी जोडीदारीण आणायला डॉक्टरची मनाई, दोन-तीन महिन्यांत घर भरेल म्हणाली. शेवटी तोडगा शमिकानेच काढला. तिचा कापडी ससा इथे राहिलाय ना, ती नवरी. आतल्या खोलीतल्या कपाटात, खालच्या ड्रॉवरमध्ये, स्वेटरच्या खाली आहे, म्हणाली. मी उघडून पाहिलं. बरोबर तिथेच होता. दोन वर्षं झाली, आठ वर्षांची पोर, आणि घर तिला असं पाठ आहे.

तर हे आमंत्रण आहे. तुळशीच्या लग्नानंतरचा पहिला शनिवार, सकाळी अकरा वाजता, आमच्या बैठकीत. नागपूरहून शुक्रवारी सकाळी गाडीत बसलात तर दुपारी इथे पोचता, हे स्टेशनवर येतील. पराग ते दोन दिवस इकडे न येता इंदूरलाच राहणार आहे, त्याने स्वतःहून सांगितलं, तेव्हा तो विचार मनात आणू नकोस. फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर शमिका तुझ्याशेजारी असते आणि तू नाही म्हणालीस तर तिच्यासमोर म्हणावं लागेल. ती वेळ मला तुझ्यावर आणायची नाही, म्हणून पत्र. आणि एक सांगायचं राहिलंय. तू बॅगा घेऊन निघालीस त्या दिवशी मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही. तू दारात थांबली होतीस, मला दिसत होतं. मुलाची आई म्हणून आत राहिले, आणि तेव्हापासून मला त्याची लाज वाटते आहे. फुटाणा आता चार वर्षांचा झाला. डॉक्टर म्हणते, अजून दोन-तीन वर्षं, फार तर. गाठ गेली, पण वय कुणी कापून काढत नाही. म्हणून तो उड्या मारतोय तोवरच विचारून ठेवते, त्याच्यानंतरही रविवारी साडेदहाला फोन लावशील ना गं? कॅमेऱ्यात बघायला कुणी उड्या मारणारं नसेल. आम्ही दोघंच असू.

तुझीच
(पुढे नातं काय लिहावं, ते तूच आल्यावर सांग)
नलिनी