हातमोजे घालून उघडायचा डबा

३ मार्च २०२२
अर्ज गेला! सैन्याने खुलं आवाहन काढलंय — बर्फातल्या चौक्यांवर विस्तव न पेटवता जेवण गरम ठेवणारं काहीतरी हवं. आधीच्या मोठ्या ऑर्डरी दाखवायची अट नाही. लहान कंपनीही पाठवू शकते. आमच्याकडे तर ते आहेच! मकसूदमामू लग्नाच्या बिर्याणीसाठी दुपदरी डबे बनवतात. दोन पत्र्यांमध्ये घोंगडीची जाडीभरडी लोकर. हडपसरहून लोणावळ्यापर्यंत वाफ टिकते. मी फक्त तो पाठीवर घेता येईल एवढा केला.

अर्ज इंग्रजीत. मी दहावी नापास. प्रत्येक शब्द डिक्शनरीत पाहिला. पाठवल्यावरही पुन्हा तपासला — चूक सापडली असती तर काय करणार होतो?

६ मार्च
आमचा कारखाना ज्या शेडमध्ये आहे तिचे मालक मच्छिंद्रशेठ आले. शेड पाडून इमारत बांधायचीय. "म्होटी ऑर्डर दाखवा, मंग बघू. न्हाईतर दसऱ्याला जागा मोकळी." मी सैन्याचं सांगितलं. "मकसूदभाई, बिर्याणी काय तोफेतनं उडवनार हाय का?" मामू पत्रा ठोकत राहिले. त्यांचं सगळं आयुष्य या पत्र्याखाली गेलंय.

२२ एप्रिल
बोलावलं! डबा घेऊन प्रत्यक्ष चाचणी.

१ जून
लिहू की नको.

सकाळी सैन्याच्या चाचणी केंद्रात गरम भात भरून डबा गोठवणाऱ्या खोलीत ठेवला. संध्याकाळी मेजरसाहेबांनी जाड हातमोजे घातलेल्या जवानाला सांगितलं, "उघड." उघडेना! तो ओढतोय, आणि मामू अभिमानाने — "पक्कं बसलंय साहेब, हलायचं नाही!" मला जमिनीत शिरावंसं वाटलं. आमच्या धंद्यात सहज निघणारं झाकण म्हणजे नाचक्की. वाफ निसटली, बिर्याणीचा दम मोडला! म्हणून जेवढं घट्ट तेवढी शाबासकी. तेच केलं आम्ही.

जवान हातमोजा काढायला लागला. मेजर म्हणाले, "वर बर्फात असं केलंस तर बोटं जातील." शेवटी दोघांनी मिळून उघडलं. वाफ आली! मेजरनी एक घास खाल्ला. "दोन आठवडे देतो. झाकणाचं बघा."

४ जून
सकाळपासून झाकणाशी झटतोय. अख्तरबानूमुमानी, म्हणजे आमच्या मामी, चहा घेऊन आल्या. "लोखंडाशी काय कुस्ती खेळताय दोघं?" त्या कणकेने तोंड लिंपलेली बिर्याणीची डेग उघडताना झाकणाला हात लावतच नाहीत. कडेखाली उलथण्याचा दांडा घालतात, उचकटतात. रोज बघतो मी! पण वेगळा दांडा कशाला — डबा उचलायची कडीच दांडा केली. उलटी पाडली की झाकण सुटतं.

मामूंचे वेल्डिंगचे हातमोजे घालून पाहिलं. पहिल्या झटक्यात!! मामू हिरमुसले. "इतक्या सहज? शरम वाटते." मुमानी म्हणाल्या, "मग डोळे मिटा."

१५ जून
तोच जवान. तेच हातमोजे. एका हाताने उघडला! वाफेने त्याचा चष्मा धुरकटला, तरी हसत होता. मेजरनी सरळ ताट मागवलं. मामूंनी तोंड फिरवून डोळे पुसले. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

९ ऑगस्ट
सैन्याकडून अजून मेल नाही.

२० सप्टेंबर
निवड झाली! पहिले हजार डबे आमच्याकडून घेणार! मोबाईल घेऊन मच्छिंद्रशेठकडे पळालो. त्यांनी मेल पुन्हा पुन्हा वाचायला लावला. "ऱ्हावा की मंग. पाडायचं पुढं बघू." शेड वाचली! मुमानींनी डेग चढवलीय, मामू सगळ्या गल्लीला जेवायला बोलावतायत — आज झाकण उघडायचा मान माझा.

२९ सप्टेंबर
पाहणीला सैन्याचे साहेब आले. चार पावलांत शेड बघून संपली. "हजार डबे इथे करणार कुठे, आणि ठेवणार कुठे?" मामूंनी वर पत्र्याकडे पाहिलं, खाली पाहिलं, आणि हसतच सुटले. मग स्वतःच मच्छिंद्रशेठना फोन लावला — "शेठ, ऑर्डर शेडमध्ये मावत नाही, जागा मोकळी करतो!"