लिम आमांची सही नसलेला तह

पासिर रिस, सिंगापूर
२६ जुलै २०१५

तीर्थरूप सुलेखाताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला फोनवर खरं बोलता येत नाही, म्हणून हे पत्र. इराचं लग्न ठरल्याचं मेधाने कळवलंच आहे. मुलगा जपानी, नाव दाइसुके. वन-नॉर्थला इराच्याच प्रयोगशाळेत असतो, वरणभात तूप मागून घेऊन खातो. मोठ्या मनाचा बाप म्हणून मी स्वतःवर भलताच खूश होतो.

शेजारच्या लिम आमा तुला आठवत असतील. मेधा आणि मी दोघं ऑफिसात, तेव्हा इराला शाळेतून आणणाऱ्या, भरवणाऱ्या, रागावणाऱ्या. आमा म्हणजे आजी, आणि इराला जवळची आजी तीच. मुलगा जपानी म्हटल्यावर त्यांनी दाराची जाळी लावून घेतली. बेचाळीस साली जपान्यांनी शहर घेतलं, तेव्हा त्यांच्या वडिलांना चौकशीला म्हणून बोलावून लॉरीत चढवलं. ते परत आलेच नाहीत. आमा तेव्हा सात वर्षांच्या. वीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहतोय आम्ही, आणि हे मला आत्ता कळलं!

मग बँकेत दोन विभागांचं भांडण मिटवतो त्या थाटात मी दोघांना चहाला बोलावलं. दाइसुके वाकून उभा राहिला. मी एक्कावन्नचा सॅन फ्रान्सिस्कोचा तह सांगितला, नंतरचा सिंगापूर-जपान समझोता सांगितला, आणि प्रकरण केव्हाच मिटलंय असं आमांना समजावलं. त्या शांतपणे म्हणाल्या, की सह्या करणाऱ्यांना आपापले बाप कुठे पुरलेत ते ठाऊक असेल. चहा तसाच टाकून उठून गेल्या.

आता इरा म्हणते, आमांशिवाय लग्न नाही. दाइसुके म्हणतो, मीच जपानला परत जातो. एका चहात एवढं साधणारा मुत्सद्दी आपल्या घराण्यात दुसरा झाला नसेल. काय करू ते लिही. हवं तेवढं रागाव, लोभ तेवढा आटू देऊ नकोस.

तुझा,
अभय


मिरज
९ ऑगस्ट २०१५

चि. अभयास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग कपाळाला हात लावला. पण तुला बोलू कुठल्या तोंडाने? मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. महायुद्धानंतरचे तह, कारणे व परिणाम, गुण पाच. मुलं घडाघडा लिहायची: सरहद्दी बदलल्या, साम्राज्ये गेली. एखाद्या घरात जेवायला एक ताट कमी लागू लागलं, असा परिणाम कुणी लिहिला असता तर मीच लाल रेघ मारली असती.

त्यांची समजूत घालू नकोस. माफीही मागू नकोस, ती द्यायची की नाही हे त्यांचं. वडील कसे होते, एवढंच विचार आणि गप्प बस. तुला ते जमायचं नाही, म्हणून इराला ने आणि बरोबर चिवडा ने. बोलावंसं वाटलं की तोंडात टाक.

आशीर्वाद इथून पाठवते आहे, अक्कल तिकडेच कुठे मिळते का पाहा.

तुझी,
सुलेखाताई


पासिर रिस
३० ऑगस्ट २०१५

ती. ताईस, सा. न. वि. वि.

निम्मा चिवडा मीच संपवला, यावरून काय ते समज.

आमा आधी दारातच उभ्या राहिल्या. वडील कसे होते, असं इराने विचारलं, तेव्हा आत घेतलं. वडील बंदरात माल उतरवायचे. दाढी करताना बेसूर गायचे, छोट्या आमांना खांद्यावर बसवून जहाजं दाखवायचे. ताई, त्यांच्या घरी ताट कमी नाही लागलं. मेल्याचा पुरावा नाही म्हणून आई दर चिनी नववर्षाच्या आदल्या दिवशी नवऱ्याचं वाडगं मांडत राहिली, मरेपर्यंत. पुढे शहरात स्मारक झालं, सापडलेली सगळी हाडं त्याखाली एकत्र पुरली. तिथे जाऊन आई विचारायची, यातल्या कुणाला हाक मारू?

इरा रडायला लागली तर आमांनीच तिला दटावलं. म्हणाल्या, त्या मुलाचा काय दोष, तो तर जन्मलाही नव्हता. पण त्याला पाहिलं की ती लॉरी दिसते, त्याला मी काय करू. लग्नाला हो नाही, की नाही नाही. इराने सांगितलं, थांबते.

मी एक शब्द बोललो नाही. मेधाला अजून खरं वाटत नाही. तुझा लोभ मात्र या बातमीने वाढायला हरकत नाही.

अभय


पासिर रिस
१३ डिसेंबर २०१५

ती. ताईस, सा. न. वि. वि.

काल लग्न झालं. तुझ्या गुडघ्यांनी तुला येऊ दिलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

गेल्या महिन्यात आमांनीच दार वाजवून तारीख विचारली. मुलीने किती थांबायचं, मी काय तरुण होत चाललेय लाह, असं इथल्या बोलीचं शेपूट लावून वर मलाच झापलं. नोंदणीच्या सह्या झाल्यावर जेवण आमच्याच इमारतीखालच्या मोकळ्या जागेत होतं. आमा आल्या तसा दाइसुके लांब खांबापाशी जाऊन उभा राहिला. आमांनी बोटाने त्याला जवळ बोलावलं. तो वाकायला लागला, तर हातानेच थांबवलं. माफ केलं, असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, माझ्या वडिलांचं नाव लिम बून हॉक. म्हण.

त्याच्या तोंडून रिमु बुन होक्कु असं काहीसं आलं. आमांनी मान हलवली, पुन्हा. तो घामाघूम झाला. मंडळी वाढलेल्या ताटांपुढे हात आवरून बसलेली. मला मदतीला धावायची अशी उबळ आली, की मेधाने माझा कोट मागून धरून ठेवला. आणि मदत तरी कसली करणार? ते नाव मीही त्याच क्षणी पहिल्यांदा ऐकत होतो.

शेवटी नाव नीट उमटलं. आमांनी डोळे मिटून ऐकलं. आणखी एकदा म्हणायला लावलं. मग खुर्ची ओढून त्याच्याच शेजारी जेवायला बसल्या.

इराचा नमस्कार, दाइसुकेचाही. आम्हा सगळ्यांवर माया राहू दे.

तुझा,
अभय