साखर सोडल्यानंतर

४ फेब्रुवारी

चि. भाऊस अनेक आशीर्वाद.

तुझ्या रक्ताचा रिपोर्ट पाहिला. साखर काठावर आहे. यांनाही डॉक्टर सुरुवातीला काठावरच म्हणाले होते. मग अंगठा गेला, मग पाय, आणि नोव्हेंबरात हे गेले. मला फार लिहिता येत नाही. एवढंच सांगते, साखर आजपासून बंद, रात्रीचं जेवण अर्धं. काम सुटल्यावर तू दोन घेतोस ते सोड म्हटलं तर ऐकणार नाहीस. निदान त्यात तो गोड सोडा घालू नकोस. बिनसाखरेचा मिळतो. तुला माझी शपथ आहे.

काळजी करणारी,
अक्का

१९ फेब्रुवारी

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

हुकमाप्रमाणे सोडा बदलला. औषधासारखा लागतो. बारचा मालक विचारतो, काटेवाले, बायकोने सोडलं की बहिणीने धरलं? दोन किलो उतरलो आहे, तेही मी स्वतः दुरुस्त केलेल्या काट्यावर, म्हणजे शंकाच नको. गंमत अशी की हल्ली दोनातच विमान उडतं. वय झालं, दुसरं काय! परवा फाटकाला गाडी घासली, आरसा फुटला. त्यावरून तुझी धाकटी भावजय दोन दिवस बोलली नाही. घर कसं शांत होतं!

तू जेवतेस ना वेळेवर? लोभ आहे, तो शपथा घालून कमी करू नकोस.

तुझा,
भाऊ

२६ फेब्रुवारी

चि. भाऊस आशीर्वाद.

धाकटीचं वेगळं पत्र आलं. गाडीचं स्टँड खाली तसंच ठेवून घरी आलास म्हणे, कोपर सोललेलं. तू दोन म्हणतोस. खरं सांग, किती? आईशी खोटं बोलायचास तेव्हा तुझे कान लाल व्हायचे. पत्रात कान दिसत नाहीत. मी एक माणूस नुकतंच पोचवलं आहे. दुसऱ्यासाठी माझ्यात बळ नाही.

अक्का

५ मार्च

ती. अक्कास सा. न.

बावीस वर्षं लोकांचे वजनकाटे दुरुस्त करतो आहे. रतीभर चूक झाली तर सोनार दारात उभं करणार नाहीत. दोन म्हणजे दोनच, मापाने भरलेले. त्यापेक्षा तू माझ्या मुस्काटात मारली असतीस तर बरं झालं असतं.

पण एक लिहितो, धाकटीला कळवू नकोस. मंगळवारी पूल ओलांडला ते आठवतं. मग एकदम घराचं दार. मधलं काहीच आठवत नाही. फक्त एक म्हातारी होती आणि तिची काठी आपटल्याचा आवाज. काठी रस्त्यावर आपटली की गाडीवर, ते सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी त्या वळणावर जाऊन आलो. कोणी काही बोललं नाही.

राग गेला की लिही.

भाऊ

८ मार्च

चि. भाऊस,

मी चुकले. तू दोनच घेत होतास.

तुझं पत्र वाचून आमच्या शाळेतल्या रसायनाच्या बाईंना गाठलं. प्रयोगशाळेतल्या बाटल्या धुताना धीर करून विचारलं. त्या म्हणाल्या, दारू पोटात कमी आणि पुढे आतड्यात जास्त भिनते. साखरही अन्नासारखीच तिला पोटात अडवून धरते. साखर काढली की ती भराभर खाली उतरते, फसफस तिला आणखी ढकलते. त्यात पोट अर्धं रिकामं. म्हणजे माप तेच, नशा जास्त. जेवण मी कमी केलं, सोडा मी बदलला. त्या म्हातारीचा विचार मनातून जात नाही.

भाऊ, घेतल्यावर गाडीला हात लावू नकोस. शपथ घालत नाही, आता विनवते.

अक्का

१२ मार्च

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

अगं, केवढं ओझं उतरवलंस! दोष माझा नव्हता, सोड्याचा होता. कालच गोडावर परत आलो. काय सांगू, काही म्हणजे काही जाणवलं नाही. तेव्हा तिसराही घेतला आणि सरळ रेषेत घरी आलो. मालकालाही तुझ्या बाईंचं शास्त्र समजावलं. आता सगळं टेबल गोडच मागवतं.

रविवारी तुझ्याकडे येतो. दुपारी मित्रांबरोबर बसून चारला गाडीवर निघेन, साडेपाचला दारात. मग तूच पारख.

सुखरूप आणि तुझाच,
भाऊ

शनिवार, १४ मार्च

चि. सौ. धाकटीस आशीर्वाद.

भाऊचं पत्र आत्ताच मिळालं. हे पत्र शाळेच्या शिपायाच्या हाती देते आहे, तो संध्याकाळच्या गाडीने तिकडे येतो. उद्या सकाळच्या पहिल्या बसने मी निघते आहे. तोवर गाडीची किल्ली त्याला सापडू देऊ नकोस. आरडाओरडा करेल, करू दे. माझं नाव सांग.

त्याला मी कारण सांगितलं, त्याने त्यातून परवानगी काढली. त्याला नीट सांगायचं माझ्याकडून राहिलं. साखरेने दारू नाहीशी होत नाही, थोडी उशिरा चढते, एवढंच. आता ती त्याला टेबलाशी जाणवणार नाही. पुलापाशी चढेल.

तुझी,
अक्का