उत्तरांची पानं नसलेलं पुस्तक

धंतोली, नागपूर
१२ फेब्रुवारी १९८४

तीर्थस्वरूप यमुताईस,

धाकट्या कौसल्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? मागच्या पत्रात तू त्यांच्याबद्दल काहीच लिहिलं नव्हतंस, म्हणजे जास्तच दुखत असणार. अमरावतीची थंडी ओसरली का? इकडे दुपारचं ऊन आता लागायला लागलंय, पण पंखा मी अजून पुसलेला नाही. (पंखा पुसला की उन्हाळा आला हे मान्य करावं लागतं, आणि हे गेल्यापासूनचा तो दुसरा उन्हाळा.) मी बरी आहे. हे वाक्य खरं धरून पुढे वाच.

लिहायचं होतं ते प्रेमलताच्या बँकेच्या परीक्षेबद्दल. या परीक्षेत तर्कशक्तीचा वेगळा पेपर असतो. एक प्रश्न देतात आणि त्याखाली दोन युक्तिवाद, एक 'हो' म्हणणारा, एक 'नाही' म्हणणारा. त्यातला कुठला सशक्त, कुठला दुबळा, ते ओळखायचं. लेक मराठी शाळेतली आणि पुस्तक इंग्रजीत, म्हणून समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. (कामठीच्या कॉन्व्हेंटातलं आपलं इंग्रजी चाळीस वर्षांनी कामी आलं, याचा मला कोण अभिमान!) पुस्तक सीताबर्डीच्या फुटपाथवरून जुनं घेतलेलं. घरी आणल्यावर दिसलं की शेवटची उत्तरांची पानंच कुणीतरी फाडून नेली आहेत. मी म्हटलं, त्यात काय, उत्तरं मी काढते. आणि ताई, रोज दुपारी चष्मा लावून, पेन्सिलीला टोक काढून, मी तीनशे बारा प्रश्नांची उत्तरं लिहिली. प्रेमलता आपली उत्तरं माझ्या उत्तरांशी ताडून बघायची, आणि जुळलं नाही की बिचारी स्वतःचं खोडायची.

आता तुला आठवतंच, सिस्टर अ‍ॅग्नेस वादसभेत काय शिकवायच्या: आवाज चढवायचा नाही, कुणाचं मन दुखवायचं नाही. मी त्याच मापाने मोजत गेले. रस्ता रुंद करायला झाडं तोडावीत का? पहिला म्हणतो, हो, अपघात कमी होतील. दुसरा म्हणतो, नाही, झाडांनाही जीव असतो. मी दुसऱ्याला सशक्त ठरवलं. किती हळुवार बोलला होता! निवृत्तीचं वय कमी करावं का? हो, तरुणांना नोकऱ्या मिळतील. नाही, म्हातारी माणसं घरी बसून करतील काय? निवृत्त झाल्यावर हे आठ महिने जगले. त्यातले सहा महिने रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून फाटकापर्यंत जाऊन परत यायचे. दुसऱ्या युक्तिवादापुढे मी दोनदा खूण केली.

क्लासच्या चाचणीत प्रेमलताला पंचवीसपैकी सहा मिळाले. ईश्वरदास सरांनी विचारलं, हे कोणाकडून शिकली? तिने खरं ते सांगितलं, आणि मला बोलावणं आलं. सर भले गृहस्थ. माझी वही चाळून हात जोडून म्हणाले, "माताजी, इथे रडायचं नाही आहे, टिक करायचं आहे." प्रश्नाला धरून बोलतो तो सशक्त; नुसती दया मागतो तो दुबळा. एवढंच मला तीनशे बारा प्रश्नांत कळलं नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे, घरी येऊन मी भांडी घासणाऱ्या बायजाबाईला दहा प्रश्न मराठीत वाचून दाखवले, तर तिचे नऊ बरोबर! "त्यात का हाये, बाई? सवाल काय हाये तेवढंच बोलावं. हा दुसरा तं भलतंच सांगून राहिला." पुढचे दोन महिने आमच्या घरी उत्तरं बायजाबाईने काढली आणि मी फक्त वाचून दाखवलं.

परीक्षा झाली, मुलाखतही झाली. जानेवारीत प्रेमलता म्हणाली, "आई, माझं झालं नाही गं." मी तिच्या केसांना तेल लावलं, शिरा केला, बँकेला नावं ठेवली.

गेल्या मंगळवारी ते पुस्तक रद्दीत द्यायला काढलं, तर आतून बँकेचं नेमणुकीचं पत्र पडलं. पाच मार्चला कोइम्बतूरला हजर व्हायचं. दोन वर्षं दर चार-सहा महिन्यांनी नवी शाखा, नवं गाव, म्हणजे मला बरोबर नेणं जमायचं नाही. आणि पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर तिच्या अक्षरात: आईला नागपुरात एकटी सोडून नोकरीवर जावं का? एक, हो, कारण अशी संधी पुन्हा येणार नाही. दोन, नाही, कारण बाबा गेले तरी आई अजून तीन कप चहा टाकते. खाली टिक, फक्त दुसरा सशक्त.

मी खोडरबर घेतलं आणि टिक पहिल्यापुढे नेली. बायजाबाई दारातून बघत होती. "काहून खोडता वं बाई? दुसरं बी खरंच हाये ना."

मी म्हटलं, खरं आहे, पण सरांच्या नियमात ते दुबळं.

संध्याकाळी प्रेमलता आल्यावर मी पत्र तिच्यासमोर ठेवलं. ती खूप रडली, मग भांडली. "तुझ्याजवळ कोण राहणार ते सांग, मग जाते!" शेवटी तयार झाली. कशी झाली, ते पत्राच्या मजकुरात लिहायचा मला धीर होत नाही.

घरातल्या लहानांना माझे आशीर्वाद सांग. गुडघ्यांना शेक देत जा.

तुझी,
कौसल्या

ता. क. मी तिला सांगितलं की यमुताई वर्षभर माझ्याकडे राहायला येतेय, सगळं ठरलंय. तेव्हा कृपा करून तसं एक पत्र प्रेमलताच्या नावाने लगेच टाक. या महिन्याच्या आत मिळायला हवं. तिकीट तिने अजून काढलेलं नाही, तुझ्या पत्राची वाट बघतेय.

ता. क. २. तू खरोखर यायचं नाहीस. जिना एकोणीस पायऱ्यांचा आहे. नुसतं पत्र पुरे.

ता. क. ३. त्या पत्रात येण्याची तारीख मात्र खरी घाल. त्या दिवशी मी चहा दोन कप टाकीन.